डेमोच्या आधीचे खेळ

स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे विकायचं काम मी घेतलं, तेव्हा आम्ही बेसाला एका बिल्डिंगमध्ये नवीनच राहायला आलो होतो. नवऱ्याची कळमेश्वरची नोकरी सुटली होती आणि तो दिवसभर घरी असायचा. मला कामाला लावणाऱ्या लीडर ताईंनी फोनवर बजावलं होतं, "आधी डबे काढायचे नाहीत. बायकांना खेळवा, हसवा. मोकळ्या झाल्या की घेतातच."

खेळ ठरवायला म्हणून माझी धाकटी बहीण काटोलहून बसने आली. तिला असल्या गोष्टींची भारी हौस. आम्ही दोघी दिवाणावर बसून ठरवत होतो. उशी फिरवायचा खेळ तिनं सुचवला. डोळे मिटून डब्यातला मसाला वासावरून ओळखायचा, हा माझा. त्या निमित्तानं झाकण किती घट्ट बसतं तेही दिसलं असतं. तिसरा पुन्हा तिचाच. बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नाही अशी स्वतःची एक गोष्ट प्रत्येकीनं सांगायची.

"कोणी सांगन का वं?" मी विचारलं.

"काहून नाही सांगणार? बायकांले कोणी विचारतच नाही ना."

नवरा टीव्ही बघत होता. बहिणीनं त्यालाही विचारलं, "भाऊजी, तुम्ही सांगा एखादी." तो म्हणाला, "माझ्याजवळ काही नाही सांगण्यासारखं," आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी बिल्डिंग बोलावली होती, आल्या पाच जणी. आलूबोंडे जास्त झाले. पण मसाल्याचा खेळ रंगला. दगडफूल कोणाला ओळखू येईना, एकीनं तर ओव्याला जिरं म्हटलं, त्यावरून खूप हसल्या. बहिणीनं मला डोळ्यांनी खुणावलं, जमतंय म्हणून. मलाही तसंच वाटलं.

मग तिसरा खेळ. एकीनं सांगितलं, ती लपून स्कूटी शिकून राहिली आहे. टाळ्या झाल्या. पुढची पाळी चौथ्या मजल्यावरच्या ताईंची होती. त्या लिफ्टमध्ये नुसत्या हसायच्या, जास्त बोलायच्या नाहीत. हातातली बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मी पण हेच डबे विकत होती. जुन्या घरी. असेच खेळ ठेवत होती. माल अजून माळ्यावर पडून आहे."

त्यांच्या शेजारची हळूच म्हणाली, "माझं साड्यांचं होतं." तिच्या पलीकडची म्हणाली, "मी क्रीम विकल्या. माहेरच्यांनी फोन उचलणं बंद केलं."

मी डबे काढले. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिले, चांगले आहेत म्हणाल्या. खरंच चांगले होते. मग एकीची मुलं शाळेतून यायची होती, एकीला गॅस बुक करायचा होता. चौथ्या मजल्यावरच्या ताई तेवढ्या थांबल्या. कपबशा विसळून दिल्या. जाताना म्हणाल्या, "तुले वाईट वाटावं म्हणून नाही बोलली मी. तोंडातून निघून गेलं."

"माहीत आहे," मी म्हणाले.

लीडर ताईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, खेळ चुकीचे निवडले, पुढच्या वेळी दुसरे ठेवा, आणि तुमच्या बहिणीलाही विकायला तुमच्या हाताखाली घ्या, बोलकी वाटते.

संध्याकाळी बहिणीला बसवर सोडायला गेले. ती स्वतःच म्हणाली, "मले घे ना वं तुह्या खाली. काटोलात माही ओळख आहे."

"नको," मी म्हटलं. "दुपारी पाहिलं ना तू?"

"तुले नाही जमलं म्हणून मले नाही जमणार का?"

बस आली तशी ती मागे न पाहता चढली.

पुढे काटोलातल्याच एका बाईच्या हाताखाली ती लागली. मला ते दुसऱ्याच कोणाकडून कळलं. महिनाभरानं तिचा फोन आला. आवाज उत्साहाचा होता. रविवारी तिचा पहिला डेमो आहे, बायका कोणत्या खेळात लवकर मोकळ्या होतात, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी तिला दोन-तीन खेळ सांगितले. दुसरं काही सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं.