दुसऱ्यांदा पन्नास मतं

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघा भावंडांनी विचारलंत, की मतदान यंत्र सुरक्षित आहे का हे मतदान केंद्रावरच का तपासत नाहीत. मी म्हटलं, तपासतात, मी स्वतः तपासलं आहे. त्यावर धाकटीने विचारलं, "मग तुझी खात्री पटली?" तेवढ्यात तुमची बस आली आणि बोलणं तुटलं. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून घडलं तसं क्रमाने लिहिते.

निवृत्तीला काही महिने उरले असताना विधानसभेच्या निवडणुकीत माझी केंद्राध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी. यंत्राची धास्ती वाटत होती, म्हणून प्रशिक्षणात पहिल्या बाकावर बसले आणि पुस्तिका दोनदा वाचून काढली. केंद्र दिग्रसच्या पुढे, एका बंजारा तांड्यावरच्या शाळेत होतं.

मतदान सातला सुरू होतं. त्याआधी साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, निदान पन्नास मतं नुसती करून पाहायची असतात. पुस्तिकेत याला अभिरूप मतदान म्हटलं आहे. तांड्यावर सगळे त्याला झूटमूटचं मतदान म्हणत होते. प्रत्येक उमेदवाराचं बटण काही वेळा दाबायचं आणि दर वेळी कोणाचं दाबलं ते कागदावर टिपायचं. शेवटी यंत्राचा निकाल, यंत्रातून पडलेल्या चिठ्ठ्या आणि आपला कागद, तिन्ही जुळायला हवेत. मग ती मतं पुसून टाकायची, यंत्राला सील लावायचं आणि खरं मतदान सुरू करायचं.

यंत्राच्या पोटात काय चाललं आहे ते यातून कळत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण तिथे कोणी तज्ज्ञ नसतो, आणि कोणालाही यंत्र उघडू दिलं तर तोच मोठा धोका. एका खोलीत, दीड तासात, साधी माणसं जे पाहू शकतात तेवढंच पाहायचं.

त्या दिवशी दीड तासही पुरणार नाही असं मला पाचलाच वाटू लागलं होतं. शाळेसमोर ऊसतोडीला निघालेला ट्रक उभा होता. भांडी, गोधड्या, सगळं भरून झालेलं. सत्तावीस माणसं मत देऊन निघणार होती. मुकादमाने दारात येऊन सांगितलं, "मॅडम, आठले गाडी हालवतो. तिकडं कारखाना वाट पाहून राह्यला." सातला सुरू केलं तर सगळ्यांचं होईल, असा माझा हिशेब होता.

प्रतिनिधी दोन आले होते. एक तांड्याचे वयस्क नायक, म्हणजे तिथले मुखिया. दुसरा किराणा दुकानदार, त्यांच्या विरोधातल्या उमेदवाराचा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्राशेजारी माझी मतदान अधिकारी कागद घेऊन बसली. ही शेजारच्या गावची अंगणवाडी पर्यवेक्षिका, वयाने लहान, कामाला चोख.

दुकानदाराने पटापट बटणं दाबली. नायकांची पाळी आली आणि ते थांबले.

"मॅडमबाई, याच्या उमेदवाराचं बटन मी नाई दाबत."

"नायक, हे खरं मत नाही. आपण पुसून टाकणार आहोत."

"झूटमूट असो नाईतर खरं असो, बोट तं माझंच हाय ना."

दुकानदार हसला. "दाबा हो नायक, शॉक नाई लागत."

मी त्यांना नियम समजावला. ते ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "बरं, दाबतो. पन या लेकीले सांगा, तिकडं पाह्य म्हना. कोनी पाह्यत असलं तं मले जमत नाई."

इथे माझं चुकलं. तिने यंत्राकडेच बघायचं, हे मला पाठ होतं. पण साठी उलटलेला माणूस, त्याचाच तांडा, आणि घड्याळ पुढे सरकत होतं. मी अडवलं नाही. ती बिचारी वडीलधाऱ्या माणसासमोर मान वळवून बसली. नायकांनी आतून एकेक चिन्ह मोठ्याने सांगितलं आणि तिने ते लिहून घेतलं.

सहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही निकाल काढला. एकूण मतं पन्नास, बरोबर. पण कागदावर दुकानदाराच्या उमेदवाराला आठ होती आणि यंत्रात पाच. नायकांच्या उमेदवाराला कागदावर आठ, यंत्रात अकरा. चिठ्ठ्या मोजल्या, त्या यंत्राप्रमाणेच निघाल्या.

दुकानदार उभाच राहिला. "पाह्यलं? आमचे तीन मतं याहीनं पहाटेच खाल्ले. मले दुसरी मशीन पाह्यजे."

दुसरं यंत्र क्षेत्रीय अधिकाऱ्यांच्या जीपमध्ये होतं आणि जीप तासाभराच्या अंतरावर. बाहेर रांग लागली होती. खिडकीतून ऐकणाऱ्या बायकांनी "मशीन खराब हाय" असं मागे सांगितलं, आणि ट्रकला टेकून उभा असलेला मुकादम दाराशी आला. मी फोन हातात घेतला आणि तसाच धरून उभी राहिले. यंत्र आणि चिठ्ठ्या जुळत होत्या, म्हणजे दोष कागदात. हे मला दिसत होतं, पण सिद्ध करता येत नव्हतं. माझी अधिकारी खाली मान घालून कागदाकडे पाहत होती. तिला वाटत होतं, तिचंच लिहायचं चुकलं.

नायक तिच्याकडे पाहत होते. मग टेबलाशी आले.

"बाई, फोन नका लावू. मशीन बरोबर हाय. थे तीन मतं म्याच दाबले, आमच्यावालेवर. तोंडानं याचं नाव घेतलं अन् बोट तिकडं गेलं. या पोरीची काई गलती नाई."

दुकानदार आधी हसला, मग गंभीर झाला. "नायक, तुमी तवा खोटं बोलले का आता बोलून राह्यले, हे मी कायच्यावरून मानू?"

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली.

पुन्हा पन्नास मतं करायची, असं मी ठरवलं. या वेळी अधिकारी यंत्राकडे तोंड करून बसली, आणि नायकांच्या वाट्याची नको असलेली बटणं त्यांच्यासमोर तिनेच दाबली. ते हात मागे बांधून बघत उभे होते. प्रत्येक चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग पडते. ते सात सेकंद इतके लांब असतात हे मला आधी माहीत नव्हतं. कागद, यंत्र, चिठ्ठ्या, तिन्ही जुळले. मतं पुसली, सगळ्यांना शून्य दाखवलं, सह्या घेतल्या, सील लावलं. पहिला मतदार आत आला तेव्हा सात पंचवीस झाले होते.

रांगेतल्या लोकांना मी विनंती केली, की ट्रकवाल्यांना पुढे जाऊ द्या. बऱ्याच जणांनी दिलं. दोन म्हातारे नाही म्हणाले आणि तो त्यांचा हक्क होता. नाव शोधायचं, सही किंवा अंगठा, शाई, बटण, सात सेकंद. आठ वाजता हॉर्न वाजला. दुकानदार खुर्चीतून उठला.

"मी सांगून पाह्यतो त्याले."

"अरे, थे सारे आमचे मतं हायेत," नायक म्हणाले.

"मालूम हाय मले. बसा तुमी."

मुकादमाने दहा मिनिटं दिली, त्यावर एकही नाही. ट्रक हलला तेव्हा एकवीस जणांचं झालं होतं आणि सहा जण मत न देताच चढले. त्यांत नायकांची सून होती. नायकांसमोर मतदारयादी होती. मत दिलेल्या नावापुढे ते पेन्सिलीने खूण करत होते. सुनेच्या नावावर त्यांनी पेन्सिल टेकवली, उचलली, आणि मला म्हणाले, "बाई, मले त्या झूटमूटच्या टायमाले काई सुचलंच नाई."

मी केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत लिहिलं: मतदान पंचवीस मिनिटे उशिरा सुरू, कारण अभिरूप मतदान दोनदा घ्यावे लागले. त्या सहा जणांसाठी त्यात रकाना नव्हता. मी समासात लिहायला सुरुवात केली आणि काय लिहायचं ते न सुचून थांबले.

तर, खात्री पटली का? त्या यंत्रापुरती पटली, दुसऱ्या वेळी. पण ती नीट पटवून घ्यायची तर पहिल्याच वेळी एका भल्या माणसाला नाही म्हणायला हवं होतं, आणि ते मला जमलं नाही. त्याची किंमत मी मोजली नाही, त्या सहा जणांनी मोजली.