आजोबांची हातकडी आणि आमची फजिती

ग्रुपमधल्या जोडप्यांनो, ही आज दुपारचीच गोष्ट. वडील जाऊन वर्ष झालं, म्हणून त्यांची पेटी उघडली. तीत आजोबांची निजामाच्या पोलिसातली लोखंडी हातकडी निघाली.

आमच्या नवरा-बायकोच्या रात्रीच्या खेळासाठी आम्ही नवी घेणारच होतो. बायको म्हणाली, "घरचीच वापरू की!"

तिनं लगेच हात पुढं केले, मी हातकडी अडकवली; पण सोडवायला गेलो तर गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना. मनगटं सुजू लागली. "अवो, सांजच्याला भावकी यायलीय, मी वाढू कशी?"

कुलपात गोडंतेल सोडत राहिलो, तेव्हा अर्ध्या तासानं सुटली. जीव भांड्यात पडला.

आता मऊ अस्तराची, बोट आत जाईल एवढी सैल, किल्लीविना झटकन सुटणारीच घेणार.

"ह्या बारीला आधी तुमचे हात," ती म्हणाली. वर्षभरानं घरात हसू आलं. तुम्ही कशी निवडलीत?