शेजारच्या बाळाची लाथ

सातव्या महिन्यात जन्मलेल्या माझ्या मुलीचे पाय ताठ होते. परळच्या इस्पितळातल्या नर्सबाईंनी शिकवलं, गुडघा वाकवायचा, सरळ करायचा. बाळाने उलट लाथ मारली की पाय शिकला समजायचं. स्वयंपाक उरकून, अंघोळीआधी मी रोज ते करायचे. चाळीखालून संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे जायचे. त्यांच्याच तालावर मी तिला म्हणायचे, "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे!" लाथ काही आली नाही.

राज्य झालं तेव्हा ती चार वर्षांची होती, बसूनच खेळायची. एकदा शेजारणीने आपलं तान्हं बाळ तिच्यापुढे ठेवलं. तिने त्याचा गुडघा वाकवला आणि माझ्यासारखंच म्हणाली, "झालाच पाहिजे!" बाळाने सणसणीत लाथ मारली.

"आई, ह्याला लगेच आलं गं!" ती हसत ओरडली.

मी पाणी काढायला मोरीत गेले.