जिताड्याचा फोटो

मी साताऱ्याकडचा. नदीला पूर आला की पुलावर जाऊन बघायचं, एवढाच माझा पाण्याशी संबंध. बोईसरला कारखान्यात लागलो, सालवडला खोली घेतली आणि गळ टाकायला शिकलो तो आमच्या शिफ्टमधल्या एका दादांकडून. दादा इथल्याच माहीमचे, मच्छीमाराच्या घरातले. आणि छंद काय, तर मासा पकडायचा आणि परत सोडायचा! वहिनी चारचौघांत त्यांची फिरकी घ्यायच्या. "हे मासं पान्यात सोडतात आन मी बाजारात जाऊन इकत आनते." दादा गालातल्या गालात हसायचे.

सुट्टीला आम्ही वैतरणेच्या खाडीवर जायचो. तिथे दादांचे नियम. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ अलगद निघतो. कोरड्या हाताने माशाला शिवायचं नाही. सोडताना फेकायचा नाही. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरायचा, तो आपणहून निसटेपर्यंत. आणि सगळ्यात मोठा नियम: "मासा पान्याभायेर काढला का आपन पन श्वास रोखायचा. आपला जीव घाबरला का त्याचा पन घाबरला. सोड मग."

मला हे सगळं नाटक वाटायचं. पण त्यांच्यासमोर मी गुपचूप श्वास रोखायचो.

पुढे त्यांची छाती बिघडली. फुप्फुसं कडक होत चाललीत, औषधाने थोडं लांबेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. चार पायऱ्या चढल्या तरी धाप. तरी एका रविवारी म्हणाले, "एकदा खाडीवर ने रे." आता पुन्हा येणं होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

त्या दिवशी माझ्या गळाला जिताडा लागला. चांगला हातभर. इतक्या वर्षांत एवढा मोठा आम्हाला कधीच लागला नव्हता. मी तो काठावर पाण्यात पाय सोडून बसलेल्या दादांच्या हातात दिला. माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नव्हता, आणि मला तो हवाच होता. हात ओले, मोबाइल उघडेना. शर्टाला पुसला. मग उन्हात स्क्रीन दिसेना. "दादा, जरा इकडे बघा. आणखी एक." दादा नुसती मान हलवत होते. मला वाटलं, लाजतायत.

फोटो झाला आणि ते खोकत पुढे कोसळले. मासा पाण्यात, त्यांचे हात माशावर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढा वेळ ते श्वास रोखून बसले होते. मी मात्र मजेत श्वास घेत होतो.

जिताड्याचं तोंड प्रवाहाकडे करून त्यांनी तो धरून ठेवला. ओहोटी लागली, पाणी गुडघ्याखाली गेलं, तरी सोडला नाही. शेवटी तो उताणा झाला. दादांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पावसाळ्याआधी दादा गेले. भिंतीवर लावायला वहिनींना फोटो हवा होता. त्यांच्याकडे होते ते सगळे लग्नातले. मी हाच दिला, मासा कापून, फक्त चेहरा मोठा करून. हार घालताना वहिनी थांबल्या. "ह्यांचं गाल असं का फुगलंत रे?"

"हसत होते," म्हणालो.