तुराट्यांचं डालं आणि अध्यक्षांचं कुलूप

"पण मावशी, इथं समुद्र आहे कुठं?" आमच्या कॉलनीचे अध्यक्ष तिसऱ्यांदा विचारत होते. हातात नवं कोरं कुलूप.

"मी कुठं म्हणते, हाय म्हणून?"

"मग कासवांची कामं आपल्या संभाजीनगरात कशाला? सभागृहामागची ही खोली जिमला हवीय. संध्याकाळपर्यंत हा पसारा हलवा!"

पसारा म्हणे! आत छताला टेकलेली डाली होती, कोकणात पाठवायला तयार. डालं म्हणजे कोंबडीच्या पिलांवर पालथं घालायचं, तुरीच्या काड्यांचं जाळीदार टोपलं. थंडीचे दिवस; बाहेर ठेवली असती तर दोन रात्रींत कॉलनीच्या शेकोट्यांत गेली असती. मी दारात आडवी उभी राहिले.

हे भांडण कशानं थांबलं ते सांगतेच. पण आमच्या या उद्योगात किस्से तुराट्यांसारखे साचलेत. एक ओढला की चार निघतात. आधी ते घ्या.

*

सुरुवात माझ्याच तोंडामुळं झाली. आम्ही कॉलनीतल्या बायका एकदा कोकणात गेलो. तिथं सदूभाऊ नावाचा माणूस कासवांची अंडी राखतो. कुंपणातल्या वाळूत अंडी, वर टोपली. पिलं बाहेर आली की कावळ्यांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून. पण टोपल्या पार मोडलेल्या! आमच्या डोळ्यांदेखत एका भोकातून पिल्लू निघालं अन् कावळ्यानं उचललं.

मी ओरडले, "ह्याला टोपली म्हणतेत व्हय? आमच्याकडं कोंबडीबी बसणार नाय ह्यात!"

शेजारची शाहेदाबी शांतपणे म्हणाली, "बोल दिये ना आपा? अब बनाके देव!"

मी जन्मात टोपलं विणलं नव्हतं.

*

पाचोडच्या बाजारातून एक जुनं डालं आणलं. ते काडी-काडी उसवत गेले, कोणती कुठून निघते ते बघत. मग त्याच वाटेनं उलटं विणलं. चौथ्या खेपेला डालं उभं राहिलं. थोडं तिरकं.

मदतीला कौसाबाई आली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तुराट्या तिच्याच रानातल्या. डालं डोक्यावर घालून म्हणाली, "मावशे, कासवाचं लगीन हाय का? मुंडावळ्या तेवढ्या ऱ्हायल्या!"

पुढं एका कॉलेजच्या सरांनी विचारलं, "आपलं प्रशिक्षण कुठं झालं?"

मी म्हटलं, "एका डाल्यात. गुरुजींना उसवून टाकलं अन् शिकले!"

*

डाल्यांची पहिली खेप कोकणात पोचली अन् सदूभाऊचा फोन आला.

"आजी, डाली लय मजबूत. पण भोकं कुठं गेली?"

मी कौसाबाईकडं बघितलं. पिलं खाणाऱ्या खेकड्याला बाई भ्यालेली! फटीतून आत शिरंल म्हणून तिनं रातोरात सगळी डाली कणगीसारखी शेण-मातीनं लिंपून टाकली होती. वर हात फिरवून गुळगुळीत!

"पिल्लांना वारा लागतो हो," सदूभाऊ म्हणाला.

कौसाबाईनं फोन हिसकावला. "तुमच्या पिलांचे लई लाड! आमची ज्वारी वर्ष-वर्ष बसती, कधी वारा मागत नाय!"

पण पुढच्या बसनं स्वतः गेली. समुद्राकाठी बसून एकेक डालं खरवडलं.

*

दुसऱ्या खेपेला एसटीच्या कंडक्टरनं अडवलं. "माल कसला?"

"कासवांचा."

"जिवंत?"

"अजून अंड्यात हायेत. तिकडं."

त्यानं लगेजचं तिकीट फाडलं. शाहेदाबी भडकली. "टिकट लिये ना भाई? अब सीट देव इनको!"

पुण्यापर्यंत डाली बसून गेली. आम्ही उभ्या!

*

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. कोकणात एका पहाटे सदूभाऊ अंडी काढत होता, पाण्याजवळच्या घरट्यातून. टोपल्यात वाळू घालून, जशी होती तशीच अलगद ठेवत होता.

"इथून का हलवता?" मी विचारलं.

"भरतीचं पाणी चढतं आजी. इथंच ठेवली तर सगळी जातील. वर कुंपणात तसाच खड्डा करायचा, तेवढाच खोल."

तेवढाच खोल! मी खाली बसले. माझं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी परकरात होते. दारची चूल, आईनं लावलेली लिंबोणी, सगळं डोळ्यांसमोर बुडालं.

मी टोपल्याला हात लावला. दोघांनी मिळून ते वर नेलं.

*

तर, कुलूप.

अध्यक्ष हसत जमलेल्या लोकांकडं वळले. "बघा हो! घरात बसून नातवंडं सांभाळायचं वय. यांना चारशे किलोमीटर लांबच्या कासवांची काळजी!"

कौसाबाई तुराटी घेऊन उठली. शाहेदाबीनं तिचा हात धरला.

मी खोलीत गेले, डाल्यांच्या मधोमध मांडी घालून बसले, अन् म्हटलं, "साहेब, पाणी चढलं तव्हा आमची घरं कुणी उचलून वर नेली नाय; ही घरं उचलता येत्यात म्हणून मी उचलते, अन् तुम्हाला कुलूप लावायचंच असंल तर मला आत ठिवून लावा!"