मानसिंगच्या अर्जाला क्रांतीचा हात

आमची क्रांती सांगलीला वकिलीला हाय. हे मी येईल-जाईल त्याला सांगतो. बायको म्हणती, "आवं, दूधवाल्याला तरी सोडा!" न्हाई सोडत. माझी पोरगी, मी सांगणार. मी पलटणीत हवालदार होतो. आमच्या घरात एवढं शिकलेली ती पैलीच.

वकिलीच्या कॉलेजात पैल्या वर्षी तिनं जुनी कलमं तोंडपाठ केलती. मी खाटेवर बसून "तीनशे दोन!" म्हणून पुकारायचो, ती "खून!" म्हणायची. अगदी परेड. मग भारतीय न्याय संहिता आली आन् समदं नंबर बदललं. मी लय भडकलो. पोरीची मेहनत पाण्यात गेली की! पण ती हसली. "आबा, नंबर पुस्तकात बघता येतो. चोरी चोरीच हाय. माणसाच्या मनात काय हुतं, ते वळखायला शिकायचं."

मला ते यंदाच्या हंगामात कळलं. आमच्या उसाला तोड आली तवा मी दवाखान्यात गेलो हुतो. तोडणीच्या टोळीनं माझ्या उसाबरोबर शेजारच्या मानसिंगच्या चार सऱ्या बी तोडल्या, आन् समदा ऊस माझ्या नावावर कारखान्याला गेला. सांजच्याला मानसिंग अंगणात येऊन गरजला, "नाथाजी, चोर हायस तू! चाललो मी पोलिसात."

चोर! मला! गल्ली गोळा झालेली. क्रांती सुट्टीला घरीच हुती. म्हटलं, आता बापाची बाजू घेईल. तर ही बया कागद-पेन घेऊन बाहेर आली. "मानसिंगकाका, बसा. अर्ज मी लिहून देते."

"डोकं फिरलंय का गं तुझं?" मी वरडलो.

"आबा, ऊस त्यांचा गेलाय. तक्रार द्यायचा हक्क हाय त्यांना."

लिहिलं की तिनं! टोळीनं ऊस तोडला, नाथाजीच्या नावावर गेला, समदं खरं खरं. मग पेन थांबवलं. "काका, नुसता ऊस नेला म्हणून चोरी हुत न्हाई. तुमचा हाय हे ठावं असून, लुबाडायच्या मनानं आबांनी नेला, असं तुमचं म्हणणं असंल तर सांगा. तसंच लिहिते. पण खरं सांगा, खाली सही तुमची हाय."

मानसिंगनं तिच्या हातातला कागद घेतला. उन्हाळ्यात पाइपलाइन टाकताना आमी दोघांनी मिळूनच मधला बांध मोडला हुता. परत घालायचा राहून गेला. टोळी बाहेरगावची, तिला हद्द कशी कळावी?

"न्हाई गं पोरी," शेवटी तो म्हणाला. "बांध मी बी मोडलाय. नाथाजी चोर न्हाई." त्यानं कागद फाडून टाकला. उद्या कारखान्यात जाऊन तेवढा ऊस त्याच्या नावावर करायचं ठरलं, आन् तो चहा पिऊन गेला.

मी पोरीला इचारलं, "आन् त्यो व्हय म्हणाला असता तर?"

"तर तेच लिहिलं असतं, आबा."

आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग छाती भरून आली. पलटणीत मेडल मिळालं तवा बी असं झालं नव्हतं.

कारखान्यातलं काम उरकून मी आन् मानसिंग बांध घालाय लागलो. रस्त्यानं चाललेल्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी थांबवून इचारलं, काय चाललंय. मी तोंड उघडायच्या आत मानसिंग खोरं टेकून म्हणाला, "आमच्या नाथाजीची क्रांती सांगलीला वकिलीला हाय, ठावं हाय का रं तुला?"