नवऱ्यांच्या वाट्याचं पाठांतर

सोमवारी ताईला हिंगोलीच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. शनिवारी संध्याकाळी भाऊजी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना गाडीत घालून डोंगरकड्याजवळच्या आमच्या घरी आले. 'नोकरी करायची न्हाई,' असं त्यांनी घरी बजावल्यावर ताई आठवडाभर आधीच माहेरी निघून आली होती. तिला समजावून परत सासरी, कनेरगाव नाक्याला न्यायचं, एवढ्यासाठीच ही भेट होती.

पाळकसाहेबांविषयी वाईट लिहिताना माझा हात अडतो. आम्हा दोघी बहिणींना मिशनच्या वसतिगृहात त्यांनीच घातलं. ताई नर्सिंग शिकली, मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात त्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. ते उपकार मी विसरणार नाही. पण त्या संध्याकाळचा राग अजून तसाच आहे.

सलाम झाला, चहा झाला. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडलं आणि लग्नात वाचतात तोच भाग वाचला. नवरा हा बायकोचं मस्तक, बायकोनं त्याच्या अधीन राहावं. तिथे त्यांनी शास्त्र मिटलं.

"घर एकाच्या विचारानं चालतं, बेटा," ते ताईला म्हणाले. "नवऱ्याच्या मनात न्हाई, तर काहून हट्ट धरायचा?"

ताई खाली बघत बसली. मी मात्र विचारलं, "पुढचं वाचा ना, साहेब."

"पुढचं समद्यांना ठाऊक हाय."

"भाऊजींना ठाऊक हाय का?"

भाऊजी हसले. "मला कशाला? परीक्षा हाय का माझी?"

त्यांना खरंच येत नव्हतं, आणि त्यात एकट्या त्यांचा दोष नव्हता. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या शाळेत पाठांतराच्या स्पर्धा होतात. अधीन राहण्याची ओळ मुलींना देतात, मुलांना स्तोत्रं देतात. मी आठवीत असताना ती घडाघडा म्हणून स्टीलचा डबा जिंकला होता, आणि आईनं तो साऱ्या गल्लीत दाखवला होता. पण त्याच पानावर खाली नवऱ्यांसाठी जे लिहिलंय, ते एकाही मुलाला कधी पाठ करायला दिलेलं मी पाहिलं नाही. आणि ते बायकांच्या भागापेक्षा कितीतरी लांब आहे!

मी तोंडीच सांगितलं. ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला, नवऱ्यानं बायकोवर तशी प्रीती करायची. स्वतःच्या शरीराला जपतो तसं तिला जपायचं. शिवाय त्याच्याही आधी दोघांनी एकमेकांच्या अधीन राहायचं लिहिलंय, ते तर लग्नातसुद्धा वाचत नाहीत.

"मंग भाऊजी, ताईसाठी तुमी काय सोडलं?"

"दारू सोडली की!"

"ती डॉक्टरनं सोडवली," चुलीपाशी बसलेली आई म्हणाली. "कावीळ झाल्ती तवा."

बाबा हसू दाबत बाहेर गेले. पाळकसाहेबांना हसू आलं नाही. "तू शिकलीस, आम्हाला आनंद हाय," ते मला म्हणाले. "पण शिक्षणानं जीभ लांब व्हायला नको."

मला वाटलं, शिकवलं तुम्हीच. आता वाचलेलं दिसतंय, तर डोळे मिटून घ्यायचे का? पण मी बोलायच्या आत भाऊजींनी मनातलं खरं बोलून टाकलं.

"साहेब, ही रातपाळीला गेली तर मला जेवायला कोण देईल? नाक्यावरचे लोक काय म्हणतील, बायकोच्या जिवावर खातो?"

एवढंच होतं! शास्त्र लग्नाला ज्याची उपमा देतं, ते ख्रिस्त आणि मंडळी यांचं मोठं रहस्य आमच्या घरात भाकरीपाशी येऊन थांबलं होतं.

तेव्हा ताईनं मान वर केली. "मी कणिक मळून ठेवीन. पोळ्या लाटून घ्या. मी सोमवारी कामावर जाणारच हाय. साहेब, प्रार्थना करायची तर माझ्या कामासाठी करा."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. लांबलचक प्रार्थना केली, घरात शांती मागितली, 'बहिणीला', म्हणजे ताईला, नम्र मन मागितलं. कामाचं नाव निघालं नाही. 'भावाला', म्हणजे भाऊजींना, कसलं मन द्यावं, हेही देवाला सांगितलं नाही. आमेन फक्त भाऊजी म्हणाले.

सोमवारी ताई रुजू झाली. आता ती आमच्याकडूनच ये-जा करते. महिला मंडळात भजन सुरू करायचा मान तिचा होता, तो दुसरीला दिला. घर मोडणारीनं पुढे उभं राहू नये म्हणे. भाऊजी पहिल्या बाकावर बसतात, दानाची थैलीही फिरवतात.

दर आठवड्याला पाळकसाहेबांचा ताईला फोन येतो, "जमवून घे, बेटा." फोन माझ्या हातात आला की मी विचारते, "साहेब, भाऊजींना फोन केला का?"

ते म्हणतात, "त्यांच्यासाठी प्रार्थना चालू हाय."